डिकीतली चावलेली तार

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात जरा बरी गाडी घातली असती.

जानेवारीतला रविवार. दुपारचे बारा. घानातलं कुमासी शहर, सुआमेची गॅरेजवस्ती. एरवी इथे हजार हातोडे एकदम चालतात. रविवारी सगळे प्रार्थनेला जातात. हवेत वाळवंटाची धूळ होती आणि सूर्य जुन्या हेडलाइटसारखा पिवळट दिसत होता.

बेडियाको माझ्या बहिणीचा नवरा. गाड्यांचं वायरिंग करतो. पुढच्या दोन दातांत मोठी फट, आणि तिच्या डावीकडचा दात अर्धा. बाटलीचं झाकण नेहमी त्याच डाव्या बाजूच्या दाताने उघडायची हौस.

त्याचे उस्ताद म्हणजे मास्टर ओफोरी. तीस वर्षं हॉर्न बसवून बसवून दोन्ही कानांनी ठार बहिरे, समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात.

गाडी सुईणबाई मादाम डुफी यांची. अमेरिकेतून कंटेनरमध्ये आलेली, एका अंगाने ठोकलेली. धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचा फ्यूज सारखा उडायचा. फ्यूज उडाला की गाडी चौकात बंद पडायची. एकदा तर मागच्या सीटवर कळा देणारी बाई असताना.

"संध्याकाळी मला गाडी हवी. नाहीतर पुढचं बाळंतपण तुमच्या गॅरेजात करीन," बाई सांगून गेल्या.

फ्यूज कुठल्या तारेमुळे उडतो ते शोधायची मास्टरांची एक रीत आहे. फ्यूज काढायचा आणि त्या जागी बल्ब लावायचा. तार कुठे पत्र्याला टेकत असली की बल्ब पेटतो. मग एकाने तार हलवत हलवत मागे जायचं आणि दुसऱ्याने पुढे बसून बल्ब बघायचा. बल्ब विझला की हॉर्न. म्हणजे खोट सापडली.

मास्टर पुढे बसले. बेडियाको इंजिनपासून निघाला. गाडीखालून सरपटत तो डिकीत पोचला. गालिचा उचलला...

तारेवर काळी टेप होती. जुनी, वाळून कडक झालेली. त्याने ती सोलली आणि तार पत्र्यापासून दूर केली.

पाँऽ.

मास्टर मागे आले. दोघांनी बघितलं. तारेवर दातांचे ठसे होते.

"उंदीर," मास्टर म्हणाले.

"एवढा मोठा?" बेडियाकोने हाताने माप दाखवलं.

"अमेरिकेतला आहे लेका. खाऊनपिऊन सुखी." मग त्यांनी चष्मा लावला. "पण याच्याही दातात फट आहे. तुझा कोण लागतो?"

बेडियाको हसला. मास्टर पुढे गेले.

डिकी आतून उघडायची एक मूठ असते. तीही उपटलेली होती. दोरीचा तुकडा तेवढा लोंबत होता. बेडियाकोला ते दिसलं. पण तार पुढे कुठे जाते ते बघायला तो पूर्ण आत शिरला, गुडघे पोटाशी घेऊन.

वारा नव्हता.

आणि डिकी बंद झाली.

धाडकन नाही... हळूच. कोणी झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार ओढून घेतं, तशी.

"मास्टर!"

पलीकडच्या चर्चमध्ये भोंग्यावर गाणं सुरू झालं. त्याने पत्रा बडवला. त्याला ताल बरोबर साधत होता, हीच अडचण होती.

अंधार. पेट्रोलचा वास. घाम डोळ्यांत.

मग त्याला सुचलं. ओरडणं मास्टरांना ऐकू येत नाही. पण बल्ब दिसतो.

त्याने चाचपडत तार पत्र्याला टेकवली आणि सोडली.

पाँऽ.

त्याच्या जिवात जीव आला. पुन्हा टेकवली, सोडली. एक लांब, दोन आखूड.

पाँऽ... पाँ, पाँ.

"मास्टर, काम झालं नाहीये, मी अडकलोय," तो स्वतःशीच म्हणाला.

पाँऽ... पाँ, पाँ.

बेडियाकोने दोन्ही हात छातीशी ओढले.

या वेळी त्याने तारेला हात लावलाच नव्हता.

त्याने बोट पुढे केलं. तार हलत होती. गळाला मासा लागल्यावर दोरी हलते, तशी. आणि कानाजवळून बारीक आवाज येत होता...

कुर्र... कुर्र...

कोणीतरी चावत होतं.

त्याने श्वास रोखला. श्वासाचा आवाज मात्र थांबला नाही.

हवा कमी पडत होती. एकच उपाय होता. बल्ब पेटताच ठेवायचा. सुधारलेली खोट पुन्हा दिसली की मास्टर भांडायला तरी नक्की येतील. त्याने तार पत्र्यावर दाबली. ती बोटांतून निसटली. पुन्हा दाबली. पुन्हा कोणीतरी सावकाश, न रागावता, काढून घेतली.

शेवटी त्याने तार दातांत धरली. करकचून चावली, आणि तोंडासकट पत्र्याला टेकवली. तोंडात तांब्याची चव आली.

तसाच तो पडून राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही.

डिकी उघडली. मास्टर उभे होते, हातात पानात बांधलेला वाचे, म्हणजे चवळी घातलेला भात. एक घास गालात.

"विझलेला बल्ब परत पेटवलास? आणि हे काय, जेवण आलंय की. तार कशाला खातोस?"

बेडियाको बाहेर पडून जमिनीवर बसला. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग त्याने ओरडून विचारलं, "मी अडकलोय हे कळत नव्हतं, तर इतका वेळ हॉर्न कशाला वाजवत होता?"

"कुठला हॉर्न? मी जेवण आणायला गेलो होतो. आत्ता आलो."

"मग कोण..."

"चर्चवाले सांगून गेले, प्रार्थनेत हॉर्न नको. जाताना हॉर्नची तारच काढून गेलो." मास्टरांनी खिशातून ती जोडणी काढून दाखवली. तिच्यावर तंबाखू लागला होता.

मग दोघांनी डिकीत वाकून बघितलं. नवे ठसे, ओले. त्यांच्या शेजारी जुने. मधे फट. फटीच्या डावीकडे अर्धा दात. नव्यातही, जुन्यातही.

मास्टरांनी तेवढा तुकडा कापला, नवी तार जोडली, हॉर्नची जोडणी परत लावली, फ्यूज बसवला. फ्यूज टिकला. संध्याकाळी मादाम डुफी गाडी घेऊन गेल्या.

आता बेडियाको कुठल्याही गाडीची डिकी आधी बिजागरीपासून काढून बाजूला ठेवतो. वायपर बदलायचा असला तरी. गिऱ्हाइकं कुरकुरतात.

महिन्याने मादाम डुफी आल्या. गाडी झकास, म्हणाल्या. फ्यूज उडत नाही, चौकात बंद पडत नाही. फक्त हॉर्न कधीकधी आपोआप वाजतो. त्यांची काही तक्रार नाही, वाट मोकळी होते.

"कसा वाजतो?" बेडियाकोने विचारलं.

"एक लांब," बाई म्हणाल्या, "मग दोन आखूड."

त्याने गाडीजवळ जायला नकार दिला.

माझी बहीण सांगते, तेव्हापासून तो झोपेतून उठला की आधी आरशासमोर जातो आणि दात मोजतो. मग तिला विचारतो, त्या दिवशी डिकीतून बाहेर आला तो मीच ना?

ती हो म्हणते. लग्नाची बायको आहे, अजून काय म्हणणार?

पण मला विचारते, बाटलीचं झाकण तो आता उजव्या बाजूने का उघडतो...