पास्कालेचा पेला

माझी आणि बाकीसची ओळख झाली तीच चोरीतून. मृतांच्या रात्रीनंतरची पहाट होती. धुकं इतकं दाट, की अंगणातली विहीरही दिसेना. मी स्वयंपाकघरात आले, तर शेजारच्या द्राक्षमळ्यातला हा गडी माझ्या पास्कालेचा पेला तोंडाला लावून उभा!

"मेलेल्या माणसाचा आहे तो!" मी किंचाळले.

"माहीत आहे..." त्याने घाबरून उरलेला घोटही गिळला.

पास्कालेशी माझं लग्न ठरलं होतं. होडी घेऊन गेला तो आलाच नाही. समुद्राने देहही परत दिला नाही. मृतांच्या रात्री आमच्या गल्लूरा भागात मेलेल्यांसाठी पान मांडतात—दार उघडं, सुरी-काटा नाही, त्यांना लागेल म्हणून. तीन वर्षं मी त्याच्यासाठी लसूण घालून शिंपले करत होते आणि अर्धा पेला वर्मेंतीनो ओतत होते. आमची ही पांढरी वाइन शिंपल्यांबरोबर अशी लागते, की बोलणं सुचत नाही.

"गेल्या वर्षीही तूच?"

"हो. त्याच्या आदल्या वर्षी पेला तसाच राहिला, तर विहिरीपाशी किती रडलीस, मात्तेया! मला बघवेना..."

"मग शिंपले का नाही खाल्लेस?"

"अंगावर पुरळ उठतं."

मला हसू फुटलं, मग रडू. "अरे मूर्खा, पास्काले अजून येतो म्हणून मी दोन स्थळं नावही न विचारता परत पाठवली!"

"त्यातलं एक... माझं होतं."

घ्या! स्वतःच्याच पायावर धोंडा.

"पुढच्या वर्षी हात लावायचा नाही," मी बजावलं. "पास्काले खरंच आला, प्यायला, तर मी त्याचीच. पेला तसाच राहिला, तर—"

"तर?"

"बघू."

वर्षभर तो कुंपणावरून काहीबाही देत राहिला. कधी कोकराच्या रश्श्यात भिजवून भाजलेला चीज-पाव. "याच्याबरोबर वर्मेंतीनो घे, शिंपले विसरशील."

"शिंपल्यांवर इतका राग?"

"शिंपल्यांवर नाही गं..."

मी लाजून हसायचे. आणि हसले, की पाठीशी कुणीतरी ओल्या पायांनी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहायची हिंमत होत नसे.

या नोव्हेंबरला, मृतांच्या रात्री, बाकीस रात्रभर दहा जणांसोबत चर्चची घंटा वाजवत होता. मी वाइनच्या तळघराची किल्ली उशाशी घेऊन पडले होते. पहाटे आम्ही मिळून स्वयंपाकघरात गेलो.

दारापासून टेबलापर्यंत फरशी ओली होती. शिंपल्यांची नुसती टरफलं उरली होती. तो आला होता. मी आता त्याचीच होते.

मग पेला दिसला. मी अर्धा ओतला होता. तो काठोकाठ भरलेला होता.

"मी नाही... आईशप्पथ," बाकीस कुजबुजला.

"जेवून निघालेला माणूस स्वतःचा पेला भरून ठेवत नाही, बाकीस. हा दुसऱ्यासाठी ओतलाय."

मी अर्धा प्यायले. वर्मेंतीनो तशीही किंचित खारट असते. ही समुद्रासारखी खारट होती. उरलेला पेला मी बाकीसच्या हातात दिला. मला रडू येत होतं, आणि मला बाकीस हवा होता—दोन्ही खरं.

तो प्यायला.

"जा हं आता, पास्काले," मी धुक्याला म्हटलं आणि दार लावून घेतलं.