शेजारची सावली

दिवा राहू दे चालू, बोलता येतं तसंही. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं सांगतो. भुताच्या सिनेमांचा कॅमेरामन. लोकांना घाबरवून पोट भरणारा माणूस, स्वतः कसला घाबरतोय!

त्याची युक्ती साधी. माणूस चौकटीच्या कडेला उभा करायचा, बाकीची जागा मोकळी सोडायची. मागे एखादं दार अर्धवट उघडं. दिवा खाली जमिनीवर, म्हणजे सावली माणसाहून मोठी पडते. म्हणायचा, भूत दाखवावं लागतच नाही. मोकळी जागा दिसली की बघणाराच तिथे कुणाला तरी आणून उभं करतो.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. अमावस्या वगैरे काही नाही, साधा मंगळवार. भाड्याने घेतलेल्या घरातला एकच शॉट राहिला होता: पॅसेजमध्ये पाठमोरी उभी मुलगी. सिनेमात काम करणारी मुलगी तापाने झोपलेली, म्हणून हा आपल्याच सात वर्षांच्या लेकीला घेऊन निघाला. बहीण कुरकुरली. अर्ध्या तासात आणतो म्हणाला.

रात्रीचे पावणेबारा. बाकीचे खाली गाडीत सामान भरत होते. वर बापलेक दोघंच.

त्याने दिवा लावला, कॅमेऱ्यातून पाहिलं. पोर अगदी भिंतीला चिकटलेली.

'जरा आत सरक, बाळा. खांदा कापला जातोय.'

ती हलली नाही.

'इथे जागा नाहीये, बाबा.'

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. त्याने वाकून दिवाच थोडा सरकवला. दिवा सरकला की सावली सरकते. पोरीची सरकली.

शेजारची…

नाही सरकली.

पॅसेजमध्ये पोर एकटी. भिंतीवर दोघी.

तिच्यापर्यंत जायचं, तर त्या मोकळ्या जागेतूनच जावं लागणार होतं. गेला. बाप होता. तिथून जाताना काय वाटलं, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही… विचारलं नाही.

पोरीला उचललं, कॅमेरा तसाच टाकला, थेट घर गाठलं.

बहिणीने दार उघडलं. झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेतलं. पाठीवरून हात फिरवला. आणि थांबली.

'हिची वेणी कुणी घातली?'

तिने स्वतः केस विंचरून मोकळे सोडून पाठवले होते. त्याने कॅमेऱ्यातून पाहिले, तेव्हाही मोकळेच होते.

घट्ट वेणी. चार पेडांची.

तीन पेड काळे.

चौथा… पांढरा.