वाइसांच्या अंगणातली पिकअप

"नवी पिकअप हवीय ना तुम्हाला? घ्या. पण जुनी ज्या दिवशी या अंगणातून जाईल, त्या दिवशी हीसुद्धा या घरातून गेली पाहिजे," असं म्हणून म्हाताऱ्या एमिल वाइसने सूपचं भांडं पुढे ढकललं, आणि 'ही' म्हणजे कोण याचा कुणाला संशय नको म्हणून चमचा थेट आपल्या थोरल्या लेकीकडे रोखला.

आर्डिस शेगडीपाशी डाव हातात घेऊन उभी होती. चर्चहून आल्यावर बापाला नेफ्लाचं सूपच लागतं, म्हणून कणकेचे ते बारीक तुकडे तिनं पहाटे उठून एकेक करून कापले होते... आणि तेच सूप तिच्याकडे न बघता परत आलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई. लग्न नाही, मूल नाही. आई गेल्यापासून अकरा वर्षं बापाची औषधं, बापाचे मोजे, बापाच्या दाढीचं पाणी, एवढाच तिचा संसार. आणि त्या संसारात तिला नावानं हाक मारणंसुद्धा म्हाताऱ्याला जड जात होतं.

"बाबा, विषय काय, तुम्ही बोलताय काय," धाकटा भाऊ लायल म्हणाला. "गुरुवारी नदीच्या उतारावर मागे ट्रेलरमध्ये बावीस वासरं होती. मी ब्रेकवर उभा राहिलो म्हटलं तरी चालेल, पण गाडी ऐकेना. वळणावर दगडांत घातली म्हणून वाचलो. सव्वीस वर्षांची झाली ती. मेकॅनिकनं हात जोडले, म्हणाला, हिला आता ट्रेलर लावू नकोस."

"मेकॅनिकला काय कळतंय. गाडीत दोष नाही. गाडीत कधीच दोष नव्हता."

झालं. एवढं वाक्य आलं की घरात सगळे खाली बघायचे. जमीन, गुरं, गाड्या, सगळं अजून म्हाताऱ्याच्या नावावर. त्याच्या सहीशिवाय अंगणात साधं फाटक नवं बसत नव्हतं. नव्या पिकअपचा कागद आठवडाभर फ्रिजवर चिकटवलेला होता आणि त्याच्या समोरून म्हातारा रोज चारदा काठी टेकत जात होता.

आर्डिस भांडी घेऊन नळाकडे वळली, तशी लायलची बायको डार्ला तिच्या मागोमाग आली. डार्ला वाईट बाई नव्हती. पण त्या गुरुवारपासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि घाबरलेलं माणूस बोलताना काही मागेपुढे बघत नाही.

"आर्डिस, एक सांगू? गावात तुझी ती मैत्रीण एकटीच राहते. वरची खोली रिकामी आहे तिची. तुझ्या हातून या घरातली एक बाई गेली... आता माझा नवराही जाऊ द्यायचा का?"

या बाबतीत आर्डिस कधीच उत्तर देत नसे. नळाखाली ताटली धरून ती नुसती उभी राहिली, आणि खिडकीतून समोर तीच पिकअप दिसत होती. दारं गंजलेली, पुढची काच तडकलेली, आणि मागच्या उघड्या हौद्यात तो लोखंडी गोळा, ज्याच्यावर ट्रेलरची मान बसवतात.

त्या भागात पद्धतच आहे तशी. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं हौद्यात चढून ट्रेलर जोडायचा. मान गोळ्यावर बसली, खिट्टी आत गेली, की जोडणाऱ्यानं पिकअपच्या पत्र्यावर दोनदा तळहात आपटायचा. म्हणजे झालं, निघ. चालवणारा मग मागे वळून बघतसुद्धा नाही. बघितलं तर जोडणाऱ्याचा अपमान. साखळ्या मात्र रस्त्याला लागताना लावतात. गुरांच्या वाडग्यापासून घरापर्यंत शंभर पावलांचा चढ, तेवढ्यासाठी साखळ्या कोण लावतो? कुणीच लावत नाही. वाइसांनीही कधी लावल्या नव्हत्या.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका ऑक्टोबरात आर्डिस चालवत होती, एमिलनं ट्रेलर जोडला होता, आणि आई, ओटिलिया, मागे वाडग्याचं फाटक लावायला थांबली होती. गाडी चढाला लागली, वासरं सगळी घाबरून मागच्या बाजूला सरकली, ट्रेलरची मान वर उचलली गेली... आणि चिखलानं भरलेली ती खिट्टी मुळात आत गेलेलीच नव्हती. ट्रेलर गोळ्यावरून सुटला आणि उतारानं मागे, थेट फाटकावर गेला. आईला ओरडायलाही उसंत मिळाली नाही.

संध्याकाळी चौकशीला आलेल्या माणसापुढे एमिल म्हणाला, "मी अजून इशारा दिला नव्हता. पोरीनं आधीच गाडी काढली."

आर्डिसनं ऐकलं. तिनं बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिला एवढंच कळलं की हा माणूस आता एका धाग्यावर उभा आहे. तुम्हीच हात आपटला होतात, असं म्हटलं तर तो धागा तुटेल. आई गेली, बापही जाईल. ती म्हणाली, "हो. माझी चूक झाली." आणि ती चूक तिनं अकरा वर्षं अंगावर वागवली, दुकानात बायका आवाज खाली करायच्या तेव्हाही, आणि बापानं त्या पिकअपच्या स्टिअरिंगला हात लावायला तिला बंदी केली तेव्हाही.

तिनं नळ बंद केला. हात पुसले. फ्रिजवरचा कागद काढून तो बापापुढे ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"करा सही, बाबा. मी जाते."

"आजच?"

"आजच. बॅग भरायला कितीसा वेळ लागतो मला."

म्हाताऱ्यानं पेन उचललं. आणि तेवढ्यात लायलनं खुर्ची अशी मागे सारली की ती आडवीच पडली.

"सही नका करू. बाबा, तुम्ही हात आपटला होता. दोनदा. मी चाऱ्याच्या गंजीपाशी होतो, मी ऐकलं."

"लायल, गप्प बस," आर्डिस म्हणाली.

"अकरा वर्षं गप्पच बसलोय. ही जमीन मला मिळायची होती म्हणून बसलो. तुम्ही रागावाल म्हणून बसलो. भेकड आहे मी... पण आता माझ्या गाडीसाठी हिला घराबाहेर काढायचं, हे मला नाही जमणार."

"गप्प बस म्हटलं ना तुला." आर्डिस बापाकडे धावली, त्याचे खांदे धरले. आता हा कोसळणार, एवढंच तिच्या मनात होतं. "बाबा, त्याचं ऐकू नका. त्याला काही आठवत नाही. चूक माझीच होती. माझीच..."

"मला माहीत आहे," एमिल म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मी हात आपटला ते. त्या चौकशीच्या माणसाशी बोलत होतो तेव्हा अजून तळहाताला झिणझिण्या होत्या."

आर्डिसचे हात त्याच्या खांद्यांवरून आपोआप खाली आले.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून." म्हातारा टेबलाकडे बघत बोलत होता. "वाटलं, तू म्हणशील, बाबा, खोटं का बोलता? तू म्हणालीच नाहीस. उलट कबूल केलंस. मग रोज थोडं थोडं खरं वाटायला लागलं मला... ही एवढी निमूट आहे, म्हणजे असेल हिचंच काहीतरी. ती पिकअप काढून टाकली असती तर लोक म्हणाले असते, गाडीच खराब होती. मग तू सुटली असतीस. तू सुटल्यावर उरतो कोण, आर्डिस?"

अकरा वर्षांनी त्यानं तिचं नाव घेतलं, आणि ते असं. तिला वाटलं होतं, बापाच्या एका उघड्या जखमेवर आपण आपलं आयुष्य पांघरून ठेवलंय. आणि तो त्या पांघरुणाखाली सगळं जाणून, डोळे उघडे ठेवून, उबेत पडून होता. रडू यायला हवं होतं. आलं नाही. आधी आला तो संताप, इतका की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"मी तुम्ही खचाल म्हणून बोलले नाही हो," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही जगावं म्हणून."

"जगलो ना... तुझ्या जिवावर जगलो." आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो ताठ माणूस टेबलावर डोकं टेकून रडू लागला, लहान मूल रडतं तसा, लाज सोडून. "मला माफ कर, पोरी. काय तोंडानं म्हणू, पण माफ कर."

तिनं ओट्यावरचं फडकं घेतलं, त्याचा चेहरा वर उचलला आणि पुसला. तिचे हात रोजच्यासारखेच चालले. सवयीचे हात होते ते. डार्ला दाराशी तोंडावर पदरासारखा हात धरून उभी होती.

"सही करा," आर्डिस पुन्हा म्हणाली. म्हाताऱ्यानं केली. "लायल, नवी गाडी घेऊन ये उद्या. आणि जुनी मी नेते. ट्रेलर नाही ओढवायचा तिच्यानं, पण एका बाईला गावापर्यंत नेईल."

"आता कशाला जातेस?" एमिलनं तिची बाही धरली. "आता तर सगळं सांगितलं मी."

"तुम्ही काढलंत म्हणून नाही जात, बाबा. आता मला राहवत नाही म्हणून जाते. रविवारी येईन. सूप करीन. राहायला म्हणू नका."

तासाभरात ती बॅग घेऊन अंगणात आली. अकरा वर्षांनी तिनं त्या स्टिअरिंगला हात लावला, किल्ली फिरवली. इंजिन खोकललं, काळा धूर ओकला आणि सुरू झालं. म्हातारा काठी टेकत, धापा टाकत गाडीपर्यंत येऊन पोचला आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडायला लागला.

"मलाही ने. चर्चमागच्या दफनभूमीपर्यंत. ओटिलियाला सांगायचंय मला... माझ्या तोंडानं."

आर्डिसनं आतून दाराची कळ दाबून धरली.

"दर वर्षी तिच्या थडग्यापुढे तुम्हीच बोलता, बाबा, आणि मी मागे उभी असते. आज आधी मी बोलते." मग बापाच्या त्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून तिचा आवाज जरा खाली आला. "लायल आणेल तुम्हाला डार्लाच्या गाडीतून. मी थांबते तिथे."