थंड खोलीची राखण

सुट्टी लागली आणि मी तळघरात बियाण्यांची पाकिटं निवडायला गेले. काम अगदी साधं होतं. ज्या बाईंच्या हाताखाली मी संशोधन करत होते, त्यांना जुन्या साठ्यातली किडकी बियाणी वेगळी काढून हवी होती. सुट्टी संपायच्या आत झालं तर पुढच्या वर्षी त्या मला ठेवून घेणार होत्या. नाही झालं तर गाशा गुंडाळायचा.

आमचं विद्यापीठ एवढं मोठं, की एका टोकाला पाऊस असला तर दुसऱ्या टोकाला छत्र्या मिटलेल्या असत. मुलं हजारोंनी. घरी असताना मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचायचा अवकाश, तिघीजणी विचारायच्या, कुठे गेली होतीस गं? तेव्हा वैताग यायचा. इथे वर्ष होत आलं तरी मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. आई फोनवर म्हणायची, जमतंय ना? मी हो म्हणायचे. मग पुढचं वाक्य दोघींनाही सुचायचं नाही.

थंड खोली तळघराच्या टोकाला होती. वीतभर जाडीचं दार, आत फळ्याच फळ्या, यंत्राची एकसुरी घरघर, ओल्या पोत्याचा आणि लोखंडाचा वास. थंडीचा एक वाईट गुण आहे. ती आधी बोटं नेते आणि मग अक्कल. गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे कळतच नाही, उलट बरं वाटायला लागतं. म्हणून आमच्या विभागात रीत होती, एक आत, एक बाहेर. बाहेरच्याने खुर्ची टाकून बसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने दारावर दोनदा वाजवायचं. आतल्याने दोनदा उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर विचार करत बसायचं नाही, दार उघडायचं. याला आम्ही राखण म्हणायचो. जो तुमच्यासाठी राखणीला बसला, त्याच्यासाठी तुम्हीही बसायचं. उसनी साखर लोक विसरतात, राखणीची फेड कोणी विसरत नसे.

किल्ली प्रयोगशाळेतल्या काकांकडे असायची. रजेवर जाताना त्यांनी ती दिली आणि राखणीला कोण आहे ते विचारलं. मी म्हटलं, मैत्रीण येतेय. कसली मैत्रीण आणि कसलं काय. सगळ्या आपापल्या घरी गेल्या होत्या, आणि नसत्या गेल्या तरी मी कोणाला विचारणार होते?

अधूनमधून आपणच बाहेर येऊ, असं ठरवून मी आत गेले. पाकीट उघडायचं, बिया तळहातावर घ्यायच्या, किडक्या बाजूला टाकायच्या. हात चालायला लागले की मन कुठेही जातं. एका खोक्यावर टेकले. दमल्यासारखं झालं होतं. जरा डोळे मिटावेत, असं वाटलं.

टक्, टक्.

मी दचकून उठले आणि सवयीने दारावर दोनदा मुठी मारल्या. काका परतले वाटतं, आता बोलणी खायची, म्हणून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन खुर्चीवर पडलं होतं. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंची दारं बंद. मी विचारलं, "कोण आहे?" माझाच आवाज टोकाला जाऊन परत आला.

शहाणं माणूस पुन्हा तिथे गेलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी गेले. काम होतं हे एक. पण खरं सांगायचं तर भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझी विचारपूस केली होती.

मग रोज टकटक व्हायला लागली. मी बाहेर डोकावून बघणं सोडून दिलं. आधी नुसती उत्तरं द्यायचे, मग बोलायला लागले. बाईंच्या नकला केल्या. घरचं सांगितलं, आई कशी पदराने चष्मा पुसते, बाबा गेल्यावर घर कसं लवकर निजायला लागलं. भांड्यांच्या फळीवरचा माझा कप, माझ्या अंथरुणाची जागा, सगळं. मला सांगायला किती होतं, आणि ऐकायला एक दार. एकदा रडू आलं, तेव्हा टकटक फार हलकी आली, मुठीने नव्हे, बोटांच्या पेरांनी. सांगायला लाज वाटते, पण त्या सुट्टीत मी सुखात होते.

शेवटचं पाकीट झालं, त्याच दिवशी मुलं परत यायला लागली. मी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दार ओढून घेत होते, तेवढ्यात जिन्यावरून चिमणी उतरली. वरच्या प्रयोगशाळेतली ही माझ्याच वर्गातली मुलगी. अखंड बडबडायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. आमची ओळख नुसती तोंडदेखली. पण त्या दिवशी ती म्हणाली, "अगं, घरी नाही गेलीस? चल, वर चहा टाकलाय. सगळे आलेत."

मला कोणीतरी चहाला बोलावत होतं. मी हो म्हणून दार लावलं.

आतून दोनदा वाजलं.

मला वाटलं होतं, ते फक्त मलाच ऐकू येत असेल. चिमणीने दाराकडे पाहिलं.

"आत कोण आहे?"

मी खुर्चीकडे पाहिलं.

"मग तू बस बाई. राखण सोडून कशी येशील? झालं की दोघंही वर या." आणि ती जिना चढून गेली. रीत म्हणजे रीत.

मी खुर्चीवर बसले. वरून हसण्याचा आवाज येत होता, कप वाजत होते. मला फार वर जावंसं वाटत होतं. पण जे कोणी होतं ते सबंध सुट्टी माझ्यासाठी बसलं होतं, आणि मी एका दिवसाची फेड न करता चहाला पळणार? मी दारावर वाजवलं. आतून उत्तर आलं. पुन्हा वाजवलं. उत्तर आलं, पण उशिरा. मग आणखी उशिरा, आणि एकदाच. मग मी वाजवलं आणि आत काहीच झालं नाही.

"ऐकतेयस ना…?"

काहीच नाही. मी दार उघडलं.

खोली रिकामी होती. फळ्या, पाकिटं, घरघर. शेवटच्या फळीमागे पाहायला मी आत शिरले, आणि दार आपल्या वजनाने मागे लागलं. लगेच बाहेरून दोनदा वाजलं. जोरात, उत्साहात, उबदार हाताने वाजवावं तसं. मी उत्तर दिलं. सवयच होती.

मग कोणाची तरी पावलं जिना चढत गेली.

आतला खटका मला सापडेना. बोटं कधी एवढी बधिरली, ते कळलंच नव्हतं. किती वेळ झटत होते, कोण जाणे. बाहेर आले तेव्हा झरोक्यातलं ऊन उतरलं होतं. खुर्चीवरचा स्वेटर नव्हता.

वर गेले. चिमणी एकटीच कप विसळत होती.

"काय गं, काही विसरलीस?" ती म्हणाली. "पुरे आता, हसून हसून पोट दुखलं माझं. एवढी बोलकी असशील असं वाटलं नव्हतं."

तेव्हापासून मी विद्यापीठात सगळ्यांच्या ओळखीची झाले. अनोळखी मुली लांबून हात करतात. कोणी खांद्यावर थाप मारून कालचा विनोद पुन्हा सांगायला लावतं. मी हसते, दुसरं काय करणार? पण बोलायला लागले की त्यांचे चेहरे हळूहळू उतरतात, काहीतरी चुकल्यासारखे. मग ते घड्याळ बघतात आणि जातात. माझा स्वेटर घेऊन गेलेल्या तिला मी अजून पाहिलेलं नाही. जिथे जाते तिथून ती नुकतीच गेलेली असते.

पुन्हा सुट्टी लागली. या वेळी मी ठरवलं, इथे राहायचं नाही, सरळ घरी जायचं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगायचं. सामान बांधलं आणि तिला फोन लावला.

"आई, मी उद्या येतेय."

पलीकडे भांडी वाजत होती. मग परक्या माणसाशी बोलावं तशा सुरात तिने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"आई… मी आहे गं."

तिने फोनवर हात ठेवला असावा, कारण पुढचं दबकं ऐकू आलं. स्वयंपाकघराकडे तोंड करून ती म्हणत होती, "अगं, जरा बघ ना. कोणीतरी मुलगी आहे, तुझ्यासारख्या आवाजात बोलतेय. रडतेय बिचारी."