उन्हात टांगलेला धम्मानंद

सरितानं गिरणीत पाव किलो हळद मागितली आणि वर बजावलं, शिळी नको, आजच दळलेली दे. गिरणीवाला धम्मानंद हसला. कुणाचं लग्न काढलं म्याडम, म्हणाला. लग्न न्हाई, हळदीनं फोटो छापायचाय, असं ऐकल्यावर त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

आखाडा बाळापुरात हा उद्योग करणारी ती एकटीच. शाळेत चित्रकला शिकवायची आणि रविवारी गच्ची गाठायची. हळद स्पिरिटमध्ये कालवून जाड कागदाला फासायची, अंधारात वाळवायची. त्यावर पारदर्शक फिल्मवरचा फोटो, वर काच, आणि मग ऊन. ऊन लागेल तिथला पिवळा उडतो, सावलीतला राहतो. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, की राहिलेला रंग तांबूस होऊन चेहरा उठून येतो.

धम्मानंद एकदा बघायला आला, आणि मग येतच राहिला. हळद पोचवायचं निमित्त होतंच! तिनं त्याचाही चेहरा छापून दिला. पेटीत ठेव, उजेडात उडतो, असं बजावलंसुद्धा. पण तिच्या हातची वस्तू पेटीत कोंडायची? गड्यानं ती गिरणीच्या दारावर टांगली, भर उन्हात.

इकडे तिच्या वडिलांनी, किशनरावांनी, परभणीचं स्थळ बोलावलं. सरितानं ते मुद्दाम धम्मानंदच्या कानावर घातलं. तिला तोच हवा होता. पण हा गडी तोंड उघडेल तर शपथ.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तो गच्चीवर आला. हातात तोच कागद. चेहरा गायब, नुसत्या मिशा शिल्लक.

“उडाला म्याडम… दुसरा करून देता?”

“देते की. पण तोबी उडणारच.”

“मग तिसरा.”

“आन् मी परभणीला गेल्यावर?”

त्यानं कागद खाली केला. मग मान वर केली.

“जाऊ नको, सरिता. हितंच राहा… माझ्याजवळ.”

तोंडातलं ‘म्याडम’ गळून पडलं होतं. सरितानं आवाज हलू दिला नाही.

“हे बोलाया मिशाच उरायची वाट बघत व्हतास व्हय? बाबा खाली चहा पिऊन राहिले. त्यांनाबी सांग.”

कागद तिच्या हातात देऊन तो जिना उतरला. त्याच्या तोंडाचा भरवसा नव्हता, म्हणून तीही मागोमाग निघाली. अर्ध्या जिन्यातच तिला त्याचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“काका, परभणीच्या पाहुण्यांना उद्या येऊ नका म्हणा.”

सरिता तिथंच पायरीवर बसली आणि त्या मिशांकडं बघून पोटभर हसली.