मिठावरची बुरशी

सांगते, पण हसायचं न्हाई. शिरूरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी आन् अनुपमा, दोघीच. मातीतल्या बुरशा वाढवायच्या, कोणती जंतू मारते ते बघायचं, एवढंच काम.

अनुपमानं भांडगावहून, तिच्या शेतातून आणलेली एक बुरशी लई भारी निघाली. ज्यांना कुठलंच औषध लागू पडत न्हाई ते जंतू तिच्यापुढं मरून पडायचे. खोड एकच, खाद्यात मीठ घातलं तरच वाढायची. आन् वास... बुरशीचा कुबट वास मला पाठ हाय. हिला तान्ह्या पोराच्या जावळाचा वास यायचा. "तुझं लाडाचं लेकरू," मी अनुपमाला चिडवायची. ती हसायची न्हाई.

औषध कशानं बनतं ते कळावं म्हणून बुरशीचा जीनोम, म्हंजे तिचा सगळा डीएनए, वाचायला पुण्याला नमुना धाडला. त्यात माणसाचा डीएनए मिसळलाय म्हणाले. आमचीच चूक असंल, म्हणून जपून दुसरा धाडला. एका दुपारी फोन आला.

"मॅडम, परत तेच. पुरुषाचा डीएनए आहे. तेवढा भाग फाइलमधून पुसा, मगच काम पुढं जाईल."

"पुरुष? अहो, इथं आम्ही दोघीच..."

फोन ठेवला, तर अनुपमा खाली बसलेली.

"नीलमताई, ती माती... माझ्या बाळाच्या जागेची हाय. बांधाला पुरलं त्याला. सासऱ्यांनी, आबांनी, मीठ घातलं व्हतं वरनं."

तिचा पोरगा दोन वर्षांमागं गेला, ह्याच जंतूंनी. दवाखान्यात एकही औषध लागू पडलं नव्हतं.

"नको पुसू," मीच म्हणाले. "राहू दे गं त्याला."

"मग औषध कसं व्हायचं? दुसऱ्यांची तरी जगू देत..." तिनं फाइल उघडली. "जा रं राजा," म्हणाली आन् बटण दाबलं.

फाइल साफ झाली. तेवढ्यात लाइट गेली, यंत्रांची घरघर थांबली. त्या शांततेत बुरशीच्या बंद कपाटातनं आवाज आला... चुटुक... चुटुक...

अनुपमानं धावत जाऊन बुरशीची प्लेट काढली, छातीशी धरली. तिचा अ‍ॅप्रन पुढनं ओला व्हायला लागला. पान्हा फुटला व्हता तिला, बाई, दोन वर्षांनी! मला रडू आवरंना. आवाज हळूहळू थांबला, पोटभर पिऊन लेकरू झोपतं तसा.

मग मी तिच्या हातातनं प्लेट घेतली. झाकणाची टेप घट्ट व्हती, जशीच्या तशी. आत, बुरशीवर, दुधाचा थेंब व्हता.