राणीला दया नको

“भाई, तरी थोडी वधारे आपजो ने!”

शेव-उसळीच्या गाडीवर जास्त तरी मागणारा तो आवाज मागून आला आणि मृदुलाच्या हातातला पाव हातातच राहिला. हाच तो! दोन वर्षं दर रविवारी दुपारी हेडफोन लावून ती हाच आवाज ऐकत होती... सरदार भैरवसेनाचा. गुजरातीतून चालणाऱ्या ऑनलाइन खेळातला तिचा हाडवैरी. त्या खेळात ती राणी मेघावती. खेळणाऱ्यांनी एकमेकांचं खरं नावगाव विचारायचं नाही, असा तिथला नियमच होता.

“तुम्ही... भैरवसेन ना?” गडबडीत ती मराठीतच बोलून गेली.

तो उंच, चष्मेवाला तरुण गोरामोरा झाला. “राणीसाहेब? बडोद्याच्या? आणि मराठी?”

“मृदुला. शाळेत गणित शिकवते.”

“हेरंब. कोयलीला असतो, रिफायनरीत.” तिच्या लालभडक ताटलीकडं बघून तो हसला. “राणीसाहेब एवढं तिखट खात असतील असं वाटलं नव्हतं.”

“राणीचं मला माहीत नाही. मी खाते.”

मग कमाटीबागेत फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या फेरीला ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. बोलता बोलता त्याची नजर तिच्यावर रेंगाळायची, आणि तिला ते आवडायचं.

मग एका रविवारी भैरवसेनानं मेघावतीचा किल्ला वेढला. चोरवाट त्याला सापडली होती. किल्ला पडल्यातच जमा होता. आणि ऐन वेळी हेरंब म्हणाला, “फौज, माघारी!”

खेळाडूंचा एकच गलका झाला. मृदुलानं हेडफोन काढून तडक त्याला फोन लावला.

“हे काय केलंस?”

“अगं, दोन वर्षं खपून उभारलायस तू तो किल्ला. माझ्या हातानं कसा पाडू? मला तू—”

“थांब! पुढचं आज बोलू नकोस.” ती उठून उभी राहिली. “मी दया मागितली होती? माझ्या राणीला तू भीक घातलीस, हेरंब.”

“तुला वाईट वाटलं असतं...”

“वाटेल की! रडेनसुद्धा. पण तुझं वैर मेघावतीशी आहे आणि चहा माझ्याबरोबर. आम्हा दोघींची सरमिसळ करणारा माणूस मला नको. येत्या रविवारी जीव तोडून लढ. जमणार नसेल, तर बागेत येऊ नकोस.”

आठवडाभर त्याचा फोन आला नाही. मृदुलाची मान ताठ होती, पण जीव खालीवर होत होता. आपणच जास्त ताणलं का? तुटलं तर? तरी तिनं फोन केला नाही. मानी माणसांना प्रेमसुद्धा महागात पडतं, दुसरं काय!

रविवार उजाडला. हेरंबचा आवाज आधी अडखळला, मग खणखणीत झाला. तिनंही कसर सोडली नाही. चोरवाट दगडांनी बुजवली, बुरुजांवरून उकळतं तेल ओतलं. दोन तास लढाई चालली आणि अखेर किल्ला पडला.

“दगाबाज! पाषाणहृदयी!” मागची माघार कपट समजून बाकीचे ओरडू लागले.

“त्यांना काही बोलायचं नाही,” मृदुलानं ठणकावलं. “सरळ लढून जिंकलेत ते.”

पादरा गावाहून खेळाची सगळी कथा चालवणारे गुणवंतभाई हळूच म्हणाले, “बेन, राणी माथुं नमाव्या वगर हारी हं!”

मान न झुकवता हरली राणी! तिचे डोळे भरून आले. केवढा अभिमान वाटला तिला... मेघावतीचा, आणि त्याहून जास्त त्याचा! तेवढ्यात फोन वाजला.

“रडतेयस?”

“हो. किल्ल्यासाठी.”

“मी माफी मागणार नाही, मृदुला.”

“मागितलीस तर फोन ठेवीन.” तिनं डोळे पुसले. “हेरंब, त्या भैरवसेनाचं मला तोंडही बघायचं नाही. पण तू... तू मला फार आवडतोस.”

पलीकडून हसू आलं. “हेच मी मागच्या रविवारी सांगत होतो. तू बोलू कुठं दिलंस? येऊ आता घरी?”

“ये ने!”

“कोण येतंय गं?” आईनं आतून विचारलं.

ओल्या डोळ्यांनी, ताठ मानेनं मृदुला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “आई, माझ्या राणीला धूळ चारणारा माणूस चहाला येतोय. त्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय मी.”